थोरलीच्या बॉनेटखालचा आत्मा

पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर, रस्त्याच्या ऐन मध्यावर, एक गर्द हिरवी जुनी मोटार बॉनेट उघडून उभी होती. तिच्याभोवती एवढी गर्दी लोटली होती की मागे अडकलेल्या वाहनांनी हॉर्न वाजवण्याची उमेद केव्हाच सोडली होती. दुपार टळटळीत होती. गर्दीच्या मध्यभागी पांढऱ्याशुभ्र रेशमी अंगरख्यातले शीतलस्वामी डोळे मिटून उभे होते. त्यांच्या उजव्या हातात जांभळे वस्त्र होते. डाव्या हातात धूपदान होते, आणि त्यातले निखारे इंजिनापासून जेमतेम हातभर अंतरावर फुलत होते.

"देह गेला, दाह राहिला," स्वामी म्हणाले. आवाज असा की ध्वनिवर्धकाचीही गरज भासू नये. "या गाडीचा धनी तहानलेला आहे. त्याला चढ चढवत नाही, म्हणून गाडीला चढ चढवत नाही."

या तर्कावर गर्दीतून समाधानाचा एक दीर्घ सुस्कारा निघाला. शिष्याने चांदीच्या मुलाम्याची एक बाटली पुढे केली. तिच्यातले जल म्हणे दूरच्या हिमशिखरावरून येत असे आणि म्हणूनच भर उन्हातही ते गारेगार राही. त्या शिखरावरचा बर्फ घरच्या फ्रिजमधल्यासारखा चौकोनी खड्यांचा का असतो, हे विचारण्याचे पाप तिथे कोणाच्या मनाला शिवले नाही. स्वामींनी वस्त्र त्या जलात भिजवले आणि मंत्र पुटपुटत ते इंजिनावर ठेवले. मंत्र अशा भाषेतला होता की ज्याला जितक्या कमी भाषा येत, त्याला तो तितका अधिक पवित्र वाटे. थोड्या वेळाने स्वामींनी मान डोलावली. चालकाच्या जागी बसलेल्या, धन्याच्या मुलाने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

लोकांनी हात जोडले. शेजारच्या बंगल्यातले निवृत्त न्यायाधीश हयातभर साक्षीपुरावा मागत आले होते. त्यांनी या खेपेस काहीही न मागता निकाल देऊन टाकला की ही गोष्ट आता निर्विवाद सिद्ध झाली.

गर्दीच्या कडेला छत्री धरून एक वयस्क बाई उभ्या होत्या. गाडीच्या दिवंगत मालकाच्या त्या धाकट्या बहीण. शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि घरातले, शेजारचे, फार काय, वयाने मोठे असलेले न्यायाधीशही त्यांना आत्याच म्हणत. आत्या आदल्या दिवशीच परगावाहून आल्या होत्या. चमत्कार सारे जण पाहत होते. आत्यांची दृष्टी मात्र धूपदानातल्या निखाऱ्यांवर खिळली होती. पेट्रोलच्या इतक्या निकट विस्तव नेणे हा आत्म्याला मुक्ती देण्याचा सर्वांत शीघ्र मार्ग होता, यात त्यांना शंका नव्हती. फक्त त्या मार्गाने जमलेली सारी मंडळीही सोबत मुक्त झाली असती.

त्यांनी आधारासाठी शेजारी उभ्या असलेल्या वहिनींचा, म्हणजे त्या मालकाच्या पत्नीचा, हात धरला आणि दचकल्या. हात कोरडा ठणठणीत आणि तापलेला होता. वहिनींचे ओठ फुटले होते.

"वहिनी, पाणी घ्या आधी," आत्या म्हणाल्या.

"आता नाही, वन्सं. सूर्य मावळल्यावर," वहिनी गाडीवरची नजर न काढता म्हणाल्या. "ते तहानलेले असताना माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

*

घरी आल्यावर आत्यांना सारा वृत्तान्त कळला.

या गाडीला घरात थोरली म्हणत, कारण लग्नानंतर घरात प्रथम आली ती गाडी आणि तिच्यामागून मुलगा. त्यामुळे एकुलता एक असूनही मुलाचे नाव धाकटा पडले आणि त्याच्या डोक्यावर टक्कल पडू लागले तरी ते टिकून होते. दादांनी, म्हणजे धाकट्याच्या वडिलांनी, थोरलीची सेवा स्वतःच्या हातांनी केली. तिचे पोट दुखले तर ते आधी त्यांना कळे. दादा गेले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी आईला काही भेट द्यावी म्हणून धाकट्याने थोरलीला नवा रंग दिला, इंजिन काढून लख्ख करवून पुन्हा बसवले आणि आईला टाकीपर्यंत फिरवून आणायला निघाला. चढावर गाडी मलूल झाली, धापा टाकू लागली आणि बसली.

मग ती रोज बसू लागली. सकाळी थंडीत ठणठणीत, दुपारी चढावर मृतप्राय. मिस्त्रीच्या गॅरेजात ओढून नेईपर्यंत ती निवे आणि तिथे किल्ली फिरवताच शहाण्या मुलीसारखी सुरू होई. मिस्त्रीने तीनदा तपासून सांगितले की गाडीत दोष नाही. तेवढ्यावरून सारे कुटुंब एका विलक्षण अनुमानाला पोचले. दोष सापडत नाही, अर्थात दोष नाही. आणि दोष नाही, अर्थात भूत आहे. न्यायाधीशांनी स्वामींचा पत्ता दिला.

स्वामींनी पहिल्याच भेटीत दादांना बॉनेटखाली ओळखले. हयातीत त्यांनी दादांना कधी पाहिले नव्हते, पण ही अडचण त्यांना जाणवली नाही. आत्मा गाडीत अडकला आहे, तो उष्णतेने तळमळतो आहे, आणि गाडी आश्रमाला अर्पण होईपर्यंत तो असाच तळमळत राहणार, असे त्यांनी वहिनींना सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले आणि त्या दिवसापासून दिवसा पाणी सोडले. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या देताना भरपूर पाणी पिण्याची सक्त ताकीद दिली होती. दोनदा त्यांना स्वयंपाकघरात चक्कर आली. तीही दादांचीच हाक असल्याचा खुलासा स्वामींनी केला. अर्पणाचा समारंभ येत्या रविवारी ठरला होता.

"स्वामींना मी विचारलं होतं, आईनं पाणी प्यायलं तर चालेल का," धाकट्याची बायको, सूनबाई, हलक्या आवाजात म्हणाल्या. "ते म्हणाले, पत्नीला ठाऊक असतं तिनं काय करायचं."

आत्यांनी वर पाहिले. दिवाणखान्याच्या भिंतीवर दादांची तसबीर होती. तिच्याखाली काचेच्या चौकटीत पत्र्याचा एक जुनाट तुकडा मखमलीवर मोठ्या आदराने बसवलेला होता. त्यावर अर्धे गुलाबाचे फूल रंगवलेले होते, आणि ते उष्णतेने करपून तपकिरी झाले होते. आत्यांनी ते ओळखले. त्यांच्या लहानपणी वडील बिस्किटांचा जो मोठा डबा आणत, त्याचे ते झाकण. बिस्किटांसाठी भांडणारी ती दोन मुले आणि हा करपलेला गुलाब. आत्यांनी चौकटीवरून बोट फिरवले आणि डोळे पुसले. अधिक विचार त्या वेळी त्यांच्या मनात आला नाही. शोक माणसाचे डोळे कसे झाकतो याचे हे एक उदाहरण, आणि आत्या स्वतः त्याला अपवाद नव्हत्या.

*

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्री अपराध्यासारखा बसला होता. "आत्याबाई, मी काय लपवतोय का? गाडी माझ्याकडे येते तेव्हा चांगलीच असते."

"ताप उतरल्यावर रोगी तपासलास तर ताप कसा सापडेल?" आत्या म्हणाल्या. "चल, भर दुपारी आमच्याबरोबर गाडीत बस. ती जिथे आजारी पडते तिथेच तिला तपासू."

हा इतका साधा विचार आजवर कोणाला का सुचला नाही, हे सांगणे कठीण. सुचण्याआधीच स्वामी येऊन पोचत, एवढे मात्र खरे.

दुपारी धाकटा, मिस्त्री आणि आत्या असे तिघे थोरलीला घेऊन चढावर गेले. ठरल्या जागी तिने ठरल्याप्रमाणे मान टाकली. धाकट्याचे हात नकळत जोडले जाऊ लागले, तेव्हा आत्यांनी त्यांत आग विझवण्याचे नळकांडे दिले आणि सावध उभे राहायला सांगितले. मग त्यांनी वर्गात शिकवल्यासारखे काम सुरू केले. इंजिनाला दोन गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. त्यांतली कोणती रुसली आहे, ते आधी पाहू. मिस्त्रीने ठिणगी पाहिली. ती निळी, जोमदार आणि खणखणीत होती. मग पेट्रोल. गाडीच्या टाकीचे झाकण उघडले. आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला नाही, म्हणजे टाकीचा श्वास कोंडलेला नव्हता. राहिला तो टाकीतले पेट्रोल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप. तो इंजिनाच्या कुशीत बसवलेला होता आणि त्याच्या माथ्यावर काचेची एक वाटी होती.

आत्या वाकल्या. काचेच्या वाटीत पेट्रोल रटरट उकळत होते.

चहाच्या भांड्याच्या तळातून येतात तसे बुडबुडे एकामागून एक वर येत होते. ज्या पंपाने द्रव ढकलायचा, तो बिचारा वाफ ढकलत होता आणि इंजिन उपाशी होते. पंपाला अगदी लागून धुराचा जाड लोखंडी नळ गेला होता. चढावर गाडी सावकाश चाले, वारा लागत नसे, नळ तापे आणि त्याच्या धगीने पंपातले पेट्रोल उकळू लागे.

"अरेच्चा," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला. "जुने टॅक्सीवाले यावर ओलं फडकं टाकायचे. स्वामी वस्त्र कुठे ठेवतात?"

"तिथेच," धाकटा पुटपुटला.

"एवढं मोठं ब्रह्मांड असताना आत्मा नेमका पंपावरच बसतो," आत्या म्हणाल्या. "जागा निवडायला अनुभव लागतो."

पण दादांच्या काळात थोरली याच चढावर का थांबत नव्हती, हा प्रश्न उरलाच होता. खरा शोध संपल्यासारखा वाटतो तिथून पुढे असतो, हे आत्या मुलांना नेहमी सांगत. त्यांनी पंपाभोवती बारकाईने पाहिले. पंप आणि नळ यांच्या मधोमध लोखंडात आटे पाडलेली दोन भोके होती. नव्या रंगाचा थर त्यांच्या कडांवर बसला होता आणि त्यांत काहीच नव्हते.

"धाकट्या, इथे काय होतं?"

धाकट्याने ओशाळून सांगितले, "बाबांनी आजोबांच्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण इथे जपून ठेवलं होतं. रंग देताना मला सापडलं. किती हळवे होते बाबा, मला रडूच आलं. मग मी ते चौकटीत बसवलं."

आत्यांनी त्या दोन भोकांकडे बोट दाखवले.

"जपून ठेवायच्या वस्तूला माणूस स्क्रू मारतो का रे? घरात कपाटं नव्हती?"

धाकट्याने वाकून भोकांकडे पाहिले. त्याच्या मुद्रेवर हळूहळू जे उमटत गेले, त्याला ज्ञान म्हणतात. ते नेहमीच सुखद असते असे नाही.

*

रविवारी घरासमोर मांडव पडला. अर्पणासाठी अर्धे गाव लोटले होते, कारण फुकटचा चमत्कार आणि दुसऱ्याची गाडी हा योग वारंवार येत नाही. वहिनी खुर्चीत बसून होत्या. त्यांचे डोळे खोल गेले होते. आत्यांनी आदल्या संध्याकाळी त्यांना सारे समजावले होते. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले होते, "आणि ते खरंच तिथे असले तर?" या प्रश्नाला काचेच्या वाटीतल्या बुडबुड्यांनी उत्तर देता येत नाही, हे आत्यांना कळले. जे काही व्हायचे, ते वहिनींच्या डोळ्यांदेखत व्हायला हवे होते.

म्हणून त्यांनी स्वामींना अत्यंत नम्रपणे विनंती केली की अर्पणापूर्वी दादांना त्यांच्या आवडत्या चढावर शेवटचे फिरवून आणावे आणि सर्वांनी सोबत यावे. आत्म्याची इच्छा नाकारणे स्वामींना अशक्य होते. सारी मिरवणूक चढावर पोचली. वहिनी मागच्या आसनावर होत्या. थोरली धापा टाकत थांबली. स्वामी आपल्या वातानुकूलित गाडीतून उतरले आणि त्यांनी बॉनेटकडे हात नेला.

आत्या मधे उभ्या राहिल्या. "आज बॉनेट बंदच राहू द्या, स्वामीजी. वस्त्र वरून ठेवा."

"आत्म्याला वस्त्राचा स्पर्श घडला पाहिजे, माते."

"त्या लोकातून या लोकात येताना त्याला काही आडवं आलं नाही. मग एवढासा पत्रा आडवा येईल?"

गर्दीत कोणीतरी हसले. न्यायाधीशांनी, बहुधा जुन्या सवयीने, मुद्दा ग्राह्य असल्याचे सांगितले. स्वामींनी वस्त्र बंद बॉनेटवर पसरले आणि मंत्र म्हटले. मंत्र एकदा संपले, म्हणून पुन्हा म्हटले. किल्ली फिरली, थोरली नुसती गुरगुरली. हिमशिखराची अख्खी बाटली बॉनेटवरून ओघळून रस्त्यावर गेली आणि डांबरावर वाळली. अविश्वासू लोकांच्या उपस्थितीत आत्मा संकोचतो, असे स्वामींनी जाहीर केले.

"तर मग आपण त्याचा संकोच घालवू," म्हणत आत्यांनी बॉनेट उघडले. न्यायाधीशांना जवळ बोलावून त्यांनी काचेच्या वाटीतले बुडबुडे दाखवले आणि नीट पाहायला सांगितले. मग सूनबाईंच्या पिशवीतून स्वयंपाकघरातले फडके काढले. त्याच्यावर कालच्या भाजीचा पिवळा डाग होता. ते घरून आणलेल्या साध्या पाण्यात भिजवून, पिळून त्यांनी पंपावर ठेवले. मंत्र म्हणून त्यांनी सूनबाईंना बाजारातून काय काय आणायचे, ते मोठ्याने सांगितले. मीठ, साबण, दोन वाती. बुडबुडे विरळ झाले, थांबले. धाकट्याने किल्ली फिरवली आणि थोरली सुरू झाली.

या वेळी कोणी हात जोडले नाहीत. डाग पडलेल्या फडक्याला हात जोडणे लोकांना जड जाते. रेशीम असते तर गोष्ट वेगळी.

आता मिस्त्री पुढे झाला. त्याने चौकटीतून काढून आणलेला तो करपलेल्या गुलाबाचा पत्रा, नळाची धग अडावी म्हणून, पंप आणि नळ यांच्या मधे धरला. भोके तंतोतंत जुळली. दोन स्क्रू आवळून, ओले फडके काढून बॉनेट बंद केले गेले. थोरली चढ चढून टाकीपर्यंत गेली, खाली आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दादांच्या हयातीत ती जशी चाले, तशीच चालली.

स्वामी एव्हाना सावरले होते. ते मंद हसले. "पाहिलंत? मंत्राचा प्रभाव कधी कधी विलंबाने प्रकट होतो. आत्मा मुक्त झाला."

गर्दी त्यांच्याकडे कलू लागली. माणसाला आपली चूक कबूल करण्यापेक्षा चमत्कार थोडा पुढे ढकलणे सोपे वाटते. आत्यांनी मिस्त्रीला खूण केली. त्याने तेच दोन स्क्रू काढले आणि पत्रा हातात घेतला. थोरली पुन्हा चढावर गेली आणि ठरल्या जागी, ठरल्या खोकल्यानिशी, थांबली.

"मुक्त झालेला आत्मा दोन स्क्रू काढताच परत आला," आत्या म्हणाल्या. "मोक्षाला एवढी घाई नसावी."

आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले. मिस्त्रीने स्वामींना निरखून पाहिले आणि अगदी सहज विचारले की पूर्वी ते स्टँडवर भाड्याची गाडी चालवत होते का, कारण फडके ठेवण्याचा हात त्याला ओळखीचा वाटत होता. स्वामींना तेव्हाच दुसरीकडे एका आत्म्याची निकडीची हाक ऐकू आली. ते आपल्या गाडीत बसले. ती लगेच सुरू झाली. तिचा धनी जिवंत होता आणि पत्राही जागेवर असावा.

न्यायाधीश घसा साफ करत म्हणाले की आपण निकाल देण्यात थोडी घाई केली. थोडी नव्हे, असे आत्यांनी त्यांना सांगितले. मग त्या जमलेल्या लोकांकडे वळल्या. त्यांना भाषण करायचे नव्हते, पण शाळेची सवय सुटत नाही.

"तुम्ही काही मूर्ख नाही," त्या म्हणाल्या. "गाडी खरोखर थांबत होती आणि फडक्यानं खरोखर चालू होत होती. डोळ्यांनी पाहिलंत ते खोटं नव्हतं. चूक एवढीच, की पाहिल्यावर कोणी विचारलं नाही. फडकं दुसरीकडे ठेवलं तर? दुसरं फडकं ठेवलं तर? काहीच न ठेवता नुसती वाट पाहिली तर? असा एक प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आणि ज्याचं म्हणणं खरं आहे, तो अशा प्रश्नानं रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका, आणि आपली माणसं तर मुळीच देऊ नका."

वहिनी मागच्या आसनावरून उतरल्या. त्या सावकाश मिस्त्रीपाशी आल्या आणि पत्रा त्यांनी हातात घेतला. त्याच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, गाडी दुरुस्त करताना कोणाचा हात कापू नये म्हणून. त्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"ते तळमळत नव्हते," वहिनी म्हणाल्या. कोणाला उद्देशून, ते कळले नाही.

"नाही, वहिनी. दादानं सगळी व्यवस्था करून ठेवली होती. आपणच ती भिंतीवर टांगली."

वहिनींनी पत्रा मिस्त्रीच्या हाती परत दिला आणि नीट घट्ट बसवायला सांगितले. धाकटा हळूच म्हणाला की गाडीत दुसरा नवा पत्रा बसवता येईल आणि बाबांचा हा पुन्हा चौकटीत ठेवता येईल. वहिनींनी मान हलवली.

"त्यांनी तो भिंतीसाठी केला नव्हता," त्या म्हणाल्या. मग सूनबाईंकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "मला पाणी दे ग."

सूनबाईंनी पिशवीतली बाटली काढली. ऊन अजून डोक्यावर होते. वहिनी तिथेच, रस्त्याच्या मधोमध, थोरलीला टेकून उभ्या राहिल्या आणि बाटली रिकामी होईपर्यंत पाणी प्यायल्या.